क्रूझ : मोठ्ठं जहाज की बेताचं? आईबाबांच्या लग्नाची पन्नाशी आहे, सल्ला हवाय

गंगापूररोडकरीण

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज गरजेपोटी धागा काढतेय.

येत्या डिसेंबरात आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत. हॉल घ्या, चारशे पानं उठवा, स्टेजवर हार घालून उभे राहा, हा बेत बाबांनी एका वाक्यात निकालात काढला : "त्यात हॉलवाला सोडून कुणाची मजा होते?" मग भावाने क्रूझचं पिल्लू सोडलं, ते आता घरभर फिरतंय.

आम्ही दहा जण. बाबा ७६, नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त, खडखडीत, रोज सकाळी सोमेश्वरपर्यंत चालत जाऊन येतात. आई ७२, गुडघे कुरकुरतात. माझ्या साबा (सासूबाई), कांदा-लसूण वर्ज्य. भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं (१४ आणि ९), आम्ही दोघं आणि लेक (११).

भावाचं म्हणणं, जहाज जितकं मोठं तितकी मजा जास्त. रोज जेवताना तो फोनवर 'आयकॉन ऑफ द सीज'चे व्हिडिओ लावतो. २० मजले, ७ तरणतलाव, पाण्याच्या ६ घसरगुंड्या. ते मायामीहून सुटतं, तिथे आपण जात नाही, पण त्याच थाटातलं सिंगापूरहून घेऊ म्हणतो. नवरा म्हणतो, कशाला विमान आणि व्हिसा? मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला जहाज जातं, कसाऱ्याचा घाट उतरला की निम्मा प्रवास संपला.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "एवढ्या मोठ्या जहाजावरून समुद्र दिसतो का रे?"

भावाने व्हिडिओ पुढेमागे करून पाहिला. घसरगुंडी दिसली, पिझ्झा दिसला, झाडं दिसली. समुद्र काही सापडला नाही.

तर जाऊन आलेल्यांनी खरं काय ते लिहा. मोठ्या जहाजाने सुट्टी सुधारते की तिची जत्रा होते?

पंचवटी_एक्सप्रेस

मोठं घ्या. डोळे झाकून घ्या.

आम्ही २०२३च्या दिवाळीत तेरा जण सिंगापूरहून गेलो होतो. त्याआधी युरोपची ग्रुप टूर केली होती. तिथे रोज पहाटे साडेपाचला बॅगा दाराबाहेर, साताला बस, 'खाली उतरा, फोटो काढा, वर चढा'. चौथ्या दिवशी आईचे पाय असे सुजले की चपला माझ्या हातात आणि आई बसमध्ये. जहाजावर बॅग पहिल्या दिवशी उघडली ती उतरतानाच मिटली. खोलीतून लिफ्टने जेवायला, जेवून लिफ्टने खोलीत. पोरं सकाळी गायब व्हायची आणि भूक लागली की उगवायची. काळजी कसली, जाणार कुठे? चारी बाजूंनी पाणी!

सिंगापूरहून सुटणारं 'गेंटिंग ड्रीम' हे दीड लाख टनांचं, १८ मजली जहाज आहे. आपल्याकडची गर्दी त्यावर इतकी असते की शाकाहारी आणि जैन जेवणाची वेगळी सोय असते. तुमच्या साबांचा प्रश्न तिथेच सुटला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोठ्या जहाजावर सहसा बोट लागत नाही. माझी बायको रेवसच्या लाँचमध्ये अर्धमेली झाली होती, ती तिथे पाणीपुरी खात होती.

मिसळ_पोटे

गंगापूर धरणावर बोट क्लब आहे. व्हिसा लागत नाही, बोट लागत नाही, येताना मिसळ. दहा जणांचं बिल मी भरतो.

गंगापूररोडकरीण

@मिसळ_पोटे, स्क्रीनशॉट काढून ठेवलाय :)

टनाचा_हिशेब

धाग्यात 'दीड लाख टन' आलंच आहे तर आधी एक गैरसमज दूर करतो. मी अंबडच्या कारखान्यात चौतीस वर्षं डिझाइनला होतो, त्यामुळे राहवत नाही.

प्रवासी जहाजाचे टन हे वजन नव्हे. ग्रॉस टनेज म्हणजे जहाजाच्या पोटातल्या एकूण बंदिस्त जागेचं माप. पूर्वी १०० घनफूट म्हणजे एक टन धरत. १९८२पासून सूत्र बदललं, पण ढोबळ तुलनेला हरकत नाही. आणि मूळ शब्द कुठला? दारूच्या मोठ्या पिंपाचा. जहाजात वाइनची किती पिंपं मावतात त्यावरून त्याची मापं ठरत. म्हणजे जगभरच्या जहाजांच्या मापात आपला नाशिकचा धंदा लपलेला आहे. (अवांतर झालं, पण आवडलं असेल.)

आता आकडे बघा. टायटॅनिक, १९१२ : ४६,३२८ टन. १९८८चं 'सॉव्हरिन ऑफ द सीज' : ७३ हजार, तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली. १९९९चं 'व्हॉयेजर' : १ लाख ३७ हजार, आत बर्फावर स्केटिंग. २००९चं 'ओअॅसिस' : सव्वादोन लाख, मधोमध खऱ्या झाडांची बाग. २०२४चं 'आयकॉन' : २,४८,६६३. मुंबईहून जाणारं कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' १९९०चं, ४८,५६३ टनांचं. म्हणजे ज्याला आज आपण 'छोटं' म्हणून नाक मुरडतो ते टायटॅनिकपेक्षा मोठं आहे.

तुमच्या वडिलांचा प्रश्न फार मोलाचा आहे, त्याचं उत्तर भूमितीत आहे. टायटॅनिक २६९ मीटर लांब, आयकॉन ३६५ मीटर. लांबी दीडपटही वाढली नाही. पण पोट पाचपटीहून जास्त फुगलं. समुद्र दिसतो तो कडेवरून, आणि माणसं भरतात ती पोटात. टायटॅनिकवर त्या फेरीला सुमारे २,२०० जीव होते. आयकॉन खचाखच भरलं तर प्रवासी ७,६०० आणि कर्मचारी २,३५०. जहाजाची एक बाजू सगळ्यांना वाटून दिली तर टायटॅनिकवर माणशी १२ सेंटिमीटर येते, आयकॉनवर पावणेचार.

मजल्यावर मजले चढवून बाल्कन्या काढतात, म्हणून प्रत्यक्षात इतकं वाईट नाही, हे मान्य. पण पोट फुगवल्यावर मधल्या खोल्यांचं करायचं काय? म्हणून जहाजाचं पोट मधून चिरून आत चौक काढला, आणि त्या चौकाकडे तोंड करून बाल्कन्या दिल्या. पैसे भरून समुद्रावर जायचं आणि बाल्कनीत बसून समोरच्याचा वाळत घातलेला टॉवेल बघायचा. हे तर आपण कॉलेज रोडच्या फ्लॅटमध्येही करतोच.

मोगऱ्याची_वेणी

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). पावणेचार सेंटिमीटरात माझं नाकसुद्धा मावणार नाही.

पंचवटी_एक्सप्रेस

हिशेबकाका, टायटॅनिकची उदाहरणं लग्नाच्या वाढदिवसाच्या धाग्यावर? शुभ बोला की!

टनाचा_हिशेब

घनफळ शुभ-अशुभ नसतं.

कपबशी_आणि_खलाशी

मी मूळचा सिन्नरचा. हॉटेल मॅनेजमेंट करून आठ वर्षं जहाजांवर होतो, तीन लहान-मोठ्या जहाजांवर मिळून. आधी केबिन स्टुअर्ड, मग डायनिंगला वेटर. कंपन्यांची नावं लिहीत नाही. आता नाशकात स्वतःचं छोटं कॅफे आहे, लाटा फक्त गल्ल्यावर येतात.

पाहुण्यांना जहाजाचा एक भाग कधीच दिसत नाही. खालच्या मजल्यावर पुढून मागेपर्यंत एक सरळ लांबलचक बोळ असतो. अमेरिकेकडच्या जहाजांवर आम्ही त्याला 'आय-९५' म्हणायचो, तिकडच्या महामार्गाच्या नावावरून. कपड्यांच्या ट्रॉल्या, भाजीची खोकी, बॅगा, धावणारी माणसं, सगळं तिथून. मोठ्या जहाजाचा तो रस्ता पाहिला की द्वारका सर्कल आठवायचं.

सगळ्यात भयंकर दिवस म्हणजे बंदरातला अदलाबदलीचा. सकाळी सहा-सातला जहाज लागतं, दहापर्यंत जुने पाहुणे बाहेर, अकरा-साडेअकराला नवे दारात हसत उभे. त्या मधल्या दीड तासात हजारो पलंगांच्या चादरी बदलायच्या. पाहुण्यांची सुट्टी सुरू होते तेव्हा आमच्या अंगातलं त्राण संपलेलं असतं. हॉटेल विभागात करार सहा ते नऊ महिन्यांचा, रोज दहा तास तरी काम, आठवड्याची सुट्टी नाही. रविवार हा फक्त मेनूवरून कळायचा.

आता लहान-मोठ्याचं. लहान जहाजावर, सातआठशे पाहुणे होते तेव्हा, तिसऱ्या दिवशी मला माझी सगळी टेबलं नावानिशी पाठ असायची. एक पुण्याच्या आजी रोज ताक मागायच्या. मेनूत नव्हतं, मी गॅलीतून, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरातून, दही आणून घुसळून द्यायचो. मोठ्या जहाजावर लोक रोज वेगळ्या ठिकाणी जेवतात, आज बुफे, उद्या पिझ्झा, परवा जादा पैशाचं जपानी. तिथे आजी मला दुसऱ्यांदा दिसल्याच नसत्या.

पण लगेच 'लहान ते छान' म्हणू नका. आम्हा कामगारांना मोठं जहाज आवडायचं. खोल्या जरा बऱ्या, स्वतःची जिम, मेसमध्ये रोज डाळ-भात, गोव्याची, मुंबईची, केरळची पोरं ढिगाने, वाय-फाय बरं. लहान जुन्या जहाजावर मी आणि एक इंडोनेशियन, दोघांत मिळून एवढीशी खोली, आणि इंजिनाची घरघर उशीत.

कंपन्या मोठी जहाजं का बांधतात, ते हिशेबकाकांनी पोटाच्या बाजूने सांगितलं, मी गल्ल्याच्या बाजूने सांगतो. कप्तान एकच लागतो, मग खोल्या हजार असोत की तीन हजार. दर पलंगामागे इंजिनाचा, इंधनाचा, बंदराचा खर्च उतरत जातो, म्हणून तिकीट स्वस्त दिसतं. आणि नुसत्या तिकिटावर कुठे भागतं? दारू, कॅसिनो, फोटो, वाय-फाय, वेगळी हॉटेलं, किनाऱ्यावरच्या सहली. जहाज जितकं मोठं, तितक्या खिशात हात घालायच्या जागा जास्त. अमेरिकी कंपन्या तर रोज माणशी १६ ते २० डॉलर टिप आपणहून बिलात लावतात. दहा जणांच्या कुटुंबाने हे आधीच विचारून घ्या, नाहीतर शेवटच्या रात्री दाराखालून सरकवलेलं बिल वाचून बाबांना बोट लागेल.

कुशावर्ताकाठी

मी त्र्यंबकला राहतो. क्रूझ केली नाही, करणारही नाही बहुतेक. पण जहाज ज्या गावाला लागतं त्या गावाच्या बाजूने कुणीच लिहीत नाहीये, म्हणून टंकतो.

आमचं गाव २०११च्या जनगणनेत बारा हजारांच्या आसपास. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला येणारी माणसं गावाच्या कितीतरी पट. लोक भक्तीने येतात, येऊ देत, आमचं पोटही त्यावर आहे. पण त्या दिवशी आमच्या गल्लीत कुणी आजारी पडलं तर रिक्षा बाहेर निघत नाही. अलीकडे एक जमात वाढलीय. गाडीतून उतरायचं, कुशावर्तात पाय बुडवायचे, दर्शनाच्या रांगेबद्दल शिव्या द्यायच्या, घरून आणलेले डबे गाडीत खायचे, कागद आमच्याकडे टाकायचे आणि अंधार पडायच्या आत नाशिक. गावाला मिळाला काय, तर धूर.

तेच मोठ्या जहाजांचं. अलास्कात ज्युनो नावाचं गाव आहे, वस्ती बत्तीस हजारांच्या आसपास. बाहेर जायला रस्ताच नाही, फक्त विमान किंवा बोट. २०२३च्या एका हंगामात तिथे १६ लाखांवर प्रवासी उतरले. मग त्यांनी कंपन्यांशी बसून ठरवलं की २०२६पासून दिवसाला १६ हजार पलंग (म्हणजे प्रवाशांच्या जागा), शनिवारी १२ हजार, त्याच्यावर नाही. ग्रीसच्या सँटोरिनी बेटाने २०२५पासून दिवसाला आठ हजारांची मर्यादा घातली. व्हेनिसचं तर सगळ्यांना ठाऊक आहे. जून २०१९मध्ये एक महाकाय जहाज धक्क्यावर आणि पर्यटकांच्या बोटीवर जाऊन आदळलं. ऑगस्ट २०२१पासून २५ हजार टनांवरच्या जहाजांना तिथल्या सान मार्को चौकासमोरून जायला बंदी आहे. हिशेबकाकांच्या आकड्यांनी बघितलं तर आपलं मुंबईचं 'छोटं' जहाजही तिथून परत पाठवलं असतं.

जहाजावर तिन्ही त्रिकाळ खाणं फुकट, मग किनाऱ्यावर उतरून खाणार कोण? पाच हजार लोक चार तास उतरतात, फ्रिजवर लावायचं चुंबक विकत घेतात आणि जेवायला जहाजावर परत. कुंभ तोंडावर आलाय, आमच्याकडे रोज नवीन रस्ता उकरतायत, त्यामुळे हा विषय जरा जास्तच लागतो मला.

सहलसोबती

मी सहली विकतो, आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी नंतर 'एजंट आहे हा' म्हणायला नको.

कुशावर्ताकाठी यांच्याशी निम्मा सहमत. पण ज्युनोचा पुढचा भागही सांगा की राव. ऑक्टोबर २०२४मध्ये तिथे मतदान झालं, 'शनिवारी मोठी जहाजं नकोतच' असा प्रस्ताव होता. गावकऱ्यांनीच तो पाडला. दुकानं, बस, मार्गदर्शक, सगळ्यांची चूल त्यावर. तुमच्या त्र्यंबकलाही 'श्रावणात भाविक नकोत' असं मतदान घेऊन बघा.

माझ्या गिऱ्हाइकांचं सांगतो. तीन पिढ्या एकत्र असल्या की मोठं जहाजच चालतं. फक्त नवराबायको असले, वाचायची-बसायची आवड असली, की लहान. तीन पिढ्यांना लहान जहाजावर पाठवलं की दुसऱ्या दिवशी मला फोन येतो. फोन नेहमी चौदा वर्षांच्या पोराच्या आईचा असतो.

कामाचं एक. सिंगापूरहून जहाजाने मलेशिया-थायलंडला जाऊन परत सिंगापूरलाच उतरायचं असतं, म्हणून सिंगापूरचा व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना ते तपासा. यात फसलेली माणसं धक्क्यावर रडताना पाहिलीत. आणि सिंगापूरचं डिस्नेचं दोन लाख टनांवरचं जहाज डोक्यात असेल तर मार्ग नीट वाचा. ते तीन-चार रात्री समुद्रात फिरून परत सिंगापूरलाच येतं, मधे बंदर नाही. तिथे जहाज हेच गाव.

कुशावर्ताकाठी

मतदानाचं माहीत होतं, लिहायला हवं होतं. पण पाडणारे आणि मर्यादा मागणारे एकाच गावातले आहेत, हेच तर म्हणतोय. आमच्या घरातही तसंच आहे. मी गर्दीवर चिडतो, धाकट्या भावाचं प्रसादाचं दुकान आहे.

रच्याकने (जाता जाता), डिस्नेचं ते मला पटलं. मधे गावच नाही, म्हणजे कुणाला त्रासही नाही. आम्हालाही कुणीतरी तरंगतं त्र्यंबक बांधून द्या.

मोगऱ्याची_वेणी

मी ७२ वर्षांची, त्यामुळे तुझ्या आईच्या वयाची. लेक सिअॅटलला आहे, तिने अलास्काला नेलं होतं. जहाज मोठंच, नाव नको, कारण पुढे तक्रार आहे.

ग्लेशियर बे नावाचं राखीव क्षेत्र आहे, तिथे दिवसाला दोनच मोठी जहाजं सोडतात. आत शिरताना वनरक्षक जहाजावर चढतात आणि माहिती सांगतात. मी नऊवारी नाही, पण लेकीचा कोट, वर माझी शाल, त्यावर कानटोपी अशा अवतारात पहाटेपासून पुढच्या डेकवर. मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबलं. इंजिन इतकं मंद की पाण्यातल्या बर्फाची टिकटिक ऐकू येत होती, कढईत तेल तापताना होते ना तशी. आणि समोरून घराएवढा बर्फाचा तुकडा सुटला. आवाज आपल्यापर्यंत नंतर येतो, आधी नुसतंच दिसतं. अंगावर काटा आला. ते आवाज विरतात न विरतात तोच डोक्यावरच्या कर्ण्यातून घोषणा : पाचव्या मजल्यावर सोन्याच्या साखळीवर सवलत, आणि अकरा वाजता बिंगो.

आणि सांगू का, लोक गेले! निम्मा डेक रिकामा झाला. माझ्या शेजारची एक बाई मला म्हणाली, बर्फ उद्याही दिसेल. उद्या आम्ही भर समुद्रात असणार होतो.

मला राग घोषणेचा आला. जहाज मोठं होतं म्हणूनच माझ्यासारखीला परवडलं, हेही खरंच आहे.

मिसळ_पोटे

आजी, साखळी किती टक्के सवलतीत होती?

मोगऱ्याची_वेणी

सराफ बाजारात स्वस्त मिळते रे बाळा.

देवगडची_माहेरवाशीण

माझे आजोबा मुंबई-गोवा आगबोटीच्या गोष्टी सांगायचे. भाऊच्या धक्क्यावरून बसायचं, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण असं बोट किनाऱ्याने उतरत जायची. बंदरात बोट दूर उभी राहायची आणि होड्या येऊन माणसं, ट्रंका, कोंबड्या उतरवून घ्यायच्या. आजी म्हणायची, होडीत उडी मारताना पदर खोचला नाही ती सून कसली. डेकवर पथारी टाकून झोपायचं, वर तारे. तिकीट डेकचं असो की केबिनचं, समुद्र सगळ्यांना सारखाच.

त्यात 'रामदास'चीही गोष्ट यायची. १७ जुलै १९४७, गटारी अवस, रेवसला निघालेली बोट बुडाली आणि सहाशेवर माणसं गेली. ती सांगताना आजोबांचा आवाज खाली जायचा. त्यामुळे जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणत नाही. आजची जहाजं सुरक्षित आहेत, सराव करून घेतात, तो मात्र टाळू नका.

पण देवगडला उतरणारी माणसं देवगडचीच असायची, हा फरक कुशावर्ताकाठींच्या मुद्द्याशी जोडून बघा.

बीपीची_गोळी

डॉक्टर आहे, थोडक्यात. फेब्रुवारी २०२०मध्ये योकोहामाला अडकलेल्या 'डायमंड प्रिन्सेस'वर ३,७११ माणसं होती, ७१२ जणांना लागण झाली. त्यात आपले १३८ भारतीयही अडकले होते, बहुतेक कर्मचारी. जास्त माणसं, बंद हवा, सामाईक बुफे म्हटलं की असा धोका कायम थोडा असतो. रोजचा धोका मात्र साध्या जुलाब-उलट्यांचा. साबणाने हात धुवा, जेलवर भागवू नका, नोरोव्हायरसला जेल फारसं जुमानत नाही.

उलट बाजूने, मोठ्या जहाजावर दवाखाना बरा असतो. पण बिल डोळे पांढरे करतं. ७६ आणि ७२ वय म्हणजे प्रवासी विमा आधीच्या आजारांसकट आणि जहाजावरून हलवण्याच्या खर्चासकट. गोळ्या दुप्पट दिवसांच्या आणि हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नकोत. बॅगा खोलीत यायला रात्र होते.

हिरवा_चाफा

प्रदूषणावर कुणीच नाही? नवीन जहाजं एलएनजीवर (द्रवरूप नैसर्गिक वायूवर) चालतात म्हणून कंपन्या पाठ थोपटून घेतात. धूर आणि गंधक कमी होतं हे खरं, पण न जळलेला मिथेन निसटतो आणि तो हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पुढे आहे. भर समुद्रात सात तरणतलाव हाच मुळात विनोद नाही का?

टनाचा_हिशेब

विनोदच. पण सात तलावांचं पाणी वजन म्हणून वर चढवून जहाज उभं ठेवणं ही अभियांत्रिकी मात्र अव्वल आहे. शिव्या देताना टोपी काढतो.

कपबशी_आणि_खलाशी

धागाकर्तीताई, मोठं ठरलंच तर बाबांसाठी एवढं करा. खोली खालच्या-मधल्या मजल्यावर, जहाजाच्या मध्याजवळ, म्हणजे हेलकावा कमी आणि आईला लिफ्ट जवळ. 'बाल्कनी' एवढ्यावर भुलू नका, तिचं तोंड समुद्राकडे आहे का ते विचारा, आणि समोर लाइफबोट टांगलेली नाही ना तेही. नकाशावर खोली नंबर दिसतो.

शिवाय बहुतेक मोठ्या जहाजांना एक मजला असतो, जिथून चालत पूर्ण फेरी मारता येते किंवा निदान लाकडी डेकवर रेलिंगला उभं राहता येतं. लोक तिथे जातच नाहीत, कारण तिथे विकायला काही नसतं. सकाळी साडेपाचला तिथे तुमचे बाबा, दोन जपानी म्हातारे आणि डेक धुणारा पोरगा एवढेच असतील. पावणेचार सेंटिमीटरचा हिशेब तिथे लागू नाही.

गंगापूररोडकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवारी हा धागा मोठ्याने वाचून दाखवला, घरी सगळे होते. हिशेबकाकांच्या टॉवेलवर बाबा इतके हसले की ठसका लागला. मोगऱ्याच्या वेणीआजींच्या बिंगोवर साबा म्हणाल्या, "देवळातही हेच असतं, आरती सुरू की मागे पावती पुस्तक."

मला वाटलं होतं, आता मुंबईचंच ठरणार. बाबा समुद्रवाले, नवरा घाटवाला, मीही एव्हाना त्या बाजूला झुकलेली. भाऊ एकटा पडला होता. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मला कुणी विचारलंय का?"

खरंच नव्हतं विचारलं. पन्नाशी दोघांची, आणि प्रश्न फक्त बाबांचा आम्ही धाग्यावर घेऊन फिरत होतो.

आई म्हणाली, "मला समुद्र बघायचा नाही. लग्न झाल्यावर जुहूला बघितला, पुरे. मला मोठंच पाहिजे. सकाळी कुणी काय खाल्लं, कुणाला पोळी हवी, कुणाला भात, हे चार दिवस माझ्या कानावर पडायला नको. पोरांनी हवं तिथे जावं, हवं ते खावं, आणि मी खुर्चीत बसून नुसतं लोक बघणार. जत्रा म्हणताय ना? मला जत्रा आवडते. पन्नास वर्षांत एकटीने जत्रेत बसलेली नाही मी."

यावर कुणालाच काही सुचलं नाही. बाबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मग मोठंच घ्या. मला ती साडेपाचची रेलिंग पुरते."

तर सिंगापूरहून, मोठं, चार दिवस. आईबाबांना समुद्राकडच्या बाल्कनीची खोली, मधल्या मजल्यावर, फरकाचे पैसे आम्ही भावंडं निम्मे-निम्मे. भाऊ जिंकल्यासारखा हिंडतोय, त्याला हिंडू द्या. सहलसोबती, व्हिसाबद्दल व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

कुशावर्ताकाठी

आईंना माझा नमस्कार. या बाजूने मी विचारच केला नव्हता. आमच्या श्रावणातल्या गर्दीत अशा किती आया येत असतील कुणास ठाऊक.

एक मागणं. बंदर कुठलं आहे?

गंगापूररोडकरीण

पेनांग, मलेशियातलं.

सहलसोबती

मग तर सोपं. जहाज जॉर्ज टाउनच्या धक्क्यालाच लागतं, बसची गरज नाही. जुनं गाव युनेस्कोच्या यादीत आहे, २००८पासून. लिटल इंडिया चालत जाण्याच्या अंतरावर. आईंसाठी रिक्षा करा, तिकडची तीनचाकी सायकल रिक्षा, पुढे बसायची.

कुशावर्ताकाठी

तर त्या दिवशी जहाजावर जेवायला परत जाऊ नका. गावात जेवा. केळीच्या पानावर.

गंगापूररोडकरीण

कबूल. साबांसाठी कांदा-लसणाशिवाय मिळेल ना ते बघते.

आता शेवटचा आणि घरातला सगळ्यात गंभीर प्रश्न. @कपबशी_आणि_खलाशी, चिवडा नेता येतो का? आईने सुट्टी जाहीर केलीय, पण लाडू करायला घेतलेत.

कपबशी_आणि_खलाशी

घरचे लाडू नका नेऊ, बहुतेक जहाजांवर घरी केलेलं अन्न चढतानाच काढून घेतात. पाकीटबंद, सीलबंद असेल तर सहसा चालतं. आईंना सांगा, लाडू परत आल्यावर खायला ठेवा.

गंगापूररोडकरीण

सांगितलं. म्हणाली, "मग सीलबंद चिवडा किती घेऊ, दोन किलो की तीन?"

मिसळ_पोटे

तीन. आणि बोट क्लबचं आमंत्रण अजून खुलं आहे, लाडू घेऊन या.